शरफुन्निसाचा डबा

— ते आलं आधी परत पिशवीत घाला. घाला म्हनतो ना. खोबर शहरातल्या मॉलमधून आनलंत ना, मंग तिथंच फ्रिजमधे ठेवायचं, इथं मला कशाला दाखवता? मी भाजीवाला हाय काय? हे अत्तारा हाय — मुळ्या, साली, बिया, जे जे सुकलेलं असतं ते इथं. ओलं पायजे तर बाहेर उजव्या हाताला बंगाली बसतो, त्याला दाखवा. — हां, मराठीच बोलतोय. दारातून आत शिरताना फोनवर 'अगं थांब, विचारून येतो' म्हनालात, तेवाच कळलं. मी नसरुद्दीन. हर्णैच्या पुढं गाव हाय आमचं, नाव सांगून तुम्हाला कळनार नाय. बावीस वर्सं झाली सौदीत, या हुफूफमधे, या एकाच दुकानात. तुमचं नाव? गुरुनाथ. बरं. बसा त्या गोनीवर — त्या नाय, ती मिरीची हाय, शिंकत बसाल. आनि त्या डब्याला हात नको. नाय, विकायचा नाय. रिकामा हाय, त्यात काय नाय. ठेवा खाली म्हटलं ना!

आना ती चिठ्ठी. मला विंग्रजी येत नाय, तुम्हीच वाचा. सातवीतनं सुटलो मी, मास्तरला डस्टर फेकून मारलं म्हनून — लागलं नाय त्याला, फळ्याला लागलं, तरी काढला. वाचा. कोनी लिहिलंय हे? हापिसातला चिनी इंजिनीर? हां, म्हनूनच. आतल्या थंडीचं औषध हाय हे, मला दोन नावं ऐकून कळलं. बघा — सुंठ. बरोबर. दालचिनी, पन ती जाड सालीची, बिर्यानीत घालता ती पातळ नाय. बडीशेप, लवंग. बरोबर. आनि तुम्ही काय केलंत, सुंठीच्या जागी ओलं आलं घेऊन आलात! एकच झाड, एकच मूळ, पन काम एक नाय. वाऱ्यात गारठलात, नाक गळतंय, अंग कसकसतंय — मंग ओलं आलं. घाम काढतं, बाहेरनं आलेली थंडी बाहेर घालवतं. पन जी थंडी बाहेरनं आलेलीच नाय, आतच निपजली, ती घामानं कशी जाईल? तिला सुंठ. सुंठ आत जाऊन बसते, चुलीजवळ बसतात तशी. हे मला माझ्या अम्मानं नाय शिकवलान, एका चिनी बाईनं शिकवलान. ते र्‍हाऊ दे. पुढं वाचा. — काय? परत बोला. मोबाईलवर मराठी नाव काय आलंय? बचनाग? नाय. नाय म्हनजे नाय. ते मी ठेवत नाय आनि ठेवत असतो तरी दिला नसता. विख हाय ते! त्यांचे वैद्य उकळून उकळून, मीठ लावून, महिना महिना खपून त्याची नांगी काढतात, मंग नखाएवढं देतात, ते पन नाडी बघून. तुम्ही मोबाईल बघून देनार! मोबाईल सांगंल ते तोंडात घालता काय? फाडा ती ओळ. खोडू नका, फाडा. हां.

कोनासाठी हाय? तुमच्यासाठी नाय, तुम्ही घामानं निथळताय. मिसेससाठी. बरं. काय व्हतं तिला? हात-पाय गार. पोटात गार. ऑगस्टात, सत्तेचाळीस डिग्रीत एसी बंद करून बसते, अंगावर रजई — हसताय कशाला? यात हसन्यासारखं काय हाय? मी पन असाच हसलो व्हतो एकदा, म्हनून विचारतो. — ती बाहेर गाडीत बसलीय ती तुमचीच ना? पांढरी गाडी, काचा खाली, शाल पांघरलेली. मंगाशीच बघितली मी. म्हटलं या वाळवंटात शाल घेऊन कोन बसलंय. थांबा, गॅस लावतो. चाय माझी रोज इथंच व्हते, या छोट्या बर्नरवर. आज चाय नाय, काढा टाकतो. अर्धा तास लागंल, मगरिबची, सांजेची बांग व्हायच्या आत व्हईल. बांग झाली की मी दुकान बंद करतो, बाकीचे हल्ली उघडं ठेवतात, मी नाय ठेवत.

किती दिवस झाले असं? दोन महिने. दोन महिन्यांपूर्वी काय झालं? नाय, 'वीकनेस' नका सांगू. वीकनेस काय आभाळातनं पडतो? रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर बोल्ले मनाचं हाय. बरं. आनि दोन महिन्यांपूर्वी काय झालं? ... खाली बघू नका, मी तुमचा सासरा नाय. बोला. ... किती महिन्याचं व्हतं? ... सातवा. ... मुलगा? ... हं.

चार खजूर टाकतो. हे इथलेच, या हसा मुलखातले. गूळ नको, खजूर पुरे. तिचं नाव काय? विभावरी. चांगलं हाय.

एक विचारू? राग नाय यायचा. तुमची आई आली व्हती काय गावावरनं? एप्रिलात येऊन गेली, बरं. आनि येताना काय आनलंन? — बघा, मला ठाऊकच व्हतं. डिंकाचे लाडू, अळीवाचे लाडू, सुंठवडा. आधीच करून ठेवले, बाळंतपनाला परत यायला जमंल न जमंल म्हनून. सगळ्या आया सारख्या. कुठं हायत ते लाडू आता? ... कुठं? फ्रीजरमधे? फ्रीजरमधे! अरे गुरुनाथ, अरे देवा-मानसा — अंगात ऊब यायची म्हनून ज्या बाईनं डिंक तळला, ते तू बर्फात घातलेस, आनि इथं दीडशे किलोमीटर गाडी हाकत चिन्याची चिठ्ठी घेऊन आलास! तू पन इंजिनीरच ना? कोनी केलंन तुला इंजिनीर? त्या मनगटावरच्या घड्याळात तुझी नाडी दिसते, ना? किती चाललास ते दिसतं. तिची नाडी कुठं दिसते त्यात? एकदा तरी तिचा हात धरलास दोन महिन्यांत? — बस! उठू नको. तू म्हनलं म्हनून राग आला? येऊ दे. माझ्या धाकट्या भावाएवढा हायस. आनि मी तुला नाय ओरडत. मी कोनाला ओरडतोय ते मला ठाऊक हाय.

काय बोल्लास? आई बोलली, आता ते कशाला द्यायचं. आई बोलली, बघून तिला आठवंल. बरोबर. आनि तू हो म्हनालास. बरोबर. आईचं काय चुकलं, पद्धतच तशी हाय, तुमच्यात तशी, आमच्यात पन तशी. पोर पाळन्यात असंल तर बाईला शेक, धुरी, अळीव, सुंठ, चाळीस दिवस गार पान्याला हात नाय. पाळना रिकामा तर काय नाय. चौथ्या दिवशी उठ, भांडी घास. जसं काय तिचं बाळंतपन झालंच नाय. जसं काय पोर बाहेर आलं ते दुसऱ्याच कोनाच्या पोटातनं आलं.

तो डबा हाय ना, ज्याला मंगाशी हात लावलास — वाच त्याच्यावर काय हाय. झाकनावर. टोचून लिहिलेलं हाय, आपल्याकडं भांड्यावर घालतात तसं. 'शरफुन्निसा'. ती माझी सासू. नाय, जिवंत हाय. तिला एकच मुलगी, मासूमा. माझी बायको. नऊ वर्सांपूर्वी कफीलच्या, म्हनजे मालकाच्या, हातापाया पडून मी तिचा व्हिजिट व्हिजा काढला, फॅमिलीचा मला कोन देनार, दुकानातल्या नोकराला. पाचवा महिना व्हता. म्हातारा कफील चांगला, दुकानाच्या वरची खोली दिलान राहायला — ही, हिच्या वर, हा जिना तिकडंच जातो. लग्नाला अकरा वर्सं झाली व्हती, त्यात आम्ही एकत्र राहिलो ते सगळे महिने मिळून वर्स नाय भरनार. ती वर, मी खाली. जेवायला हाक मारायची जिन्यातनं. मला वाटायचं बस, आता आनि काय पायजे. — आठव्या महिन्यात पोरगी पोटातच गेली.

मी आनि कफील आनि दोन सुदानी, आम्ही नेली तिला. एवढीशी. दुपारची वेळ, वाळू अशी तापलेली की गुडघे भाजले. आनि परत येऊन बघतो तर मासूमा भिंतीला टेकून बसलीय, बोलते, मला थंडी वाजते. मला काय वाटलं सांगू? मला राग आला. देवाशपथ सांगतो, राग आला. मी पोरीला आगीसारख्या वाळूत ठेवून आलोय आनि ही थंडी सांगते.

सहाव्या दिवशी हाशिर आला, आमच्या मोहल्ल्यातला, सुट्टीवरनं परत. त्याच्या बॅगेत हा डबा. सासूनं आधीच भरून त्याच्या घरी देऊन ठेवला व्हता, पोर गेल्याचं विमानात बसेपर्यंत त्याला कोनी कळवलं नव्हतं. शेहेचाळीस लाडू. अळीवाचे, नारळाच्या रसात भिजवून केलेले, वर खसखस. मी मोजले. कशाला ते ठाऊक नाय, मोजत बसलो. वर नेले नाय. मला वाटलं ती बघंल आनि रडंल. — खोटं. खोटं बोलतोय. ती रडली असती तर बरं झालं असतं. मलाच बघवत नव्हते. मी डबा इथं, या काउंटरवर उघडा ठेवला आनि येईल त्याला एकेक दिला. येमनी आले, सुदानी आले, एक पोलीस पन आला व्हता बडीशेप घ्यायला, दोन खाऊन गेला, 'कुवैस, कुवैस', छान छान करत. दुपारपर्यंत डबा साफ. मंग धुतला आनि त्यात लवंग भरली. चांगला स्टीलचा डबा, वाया कशाला घालवा. असा बोललो मी, मनातल्या मनात, असाच. सासूचा फोन आला, पोचला काय डबा? मी म्हटलं कस्टमवाल्यांनी काढून घेतला. मासूमा बाजूलाच बसलेली. ऐकलंन तिनं. नुसती शाल वर वडली.

ढवळ जरा ते, उतू जाईल. त्या चमच्यानं. हां.

मंग तेच, तुझ्या घरात चाललंय ते. जून महिना. मी खालनं घामानं भिजून वर जातो, तर एसी बंद, खिडक्या बंद, ही दोन गोधड्यांत. मी एसी चालू करायचा, ती उठून बंद करायची. बोलायची नाय, नुसती उठायची आनि बंद करायची. मी म्हनायचो नाटक हाय. भांडी आपटली. एकदा रिमोट आपटला, तुटला. दवाखान्यात नेलं, ते पन तेच बोल्ले, सगळं नॉर्मल. मंग मी माझी हिकमत चालवली. अत्तारात काम करतो ना, मला वाटलं मला सगळं येतं. थंडी हाय, तर घाल उष्न. मिरी, लवंग, सुंठ, पिंपळी, मूठमूठ कुटून दिवसातनं चारदा. पी. पी म्हटलं ना! तोंड आलं तिचं. जिभेची सालं निघाली. जेवन बंद. आनि हात तसेच, गार, बर्फासारखे.

तेवा ती चिनी बाई. मादाम ल्यू. हुफूफच्या बाहेर त्यांच्या कंपनीचा कॅम्प व्हता, ती तिथं विंग्रजीची दुभाषी, आजा तिचा वैद्य व्हता त्यांच्या गावात. सुंठ-दालचिनी माझ्याकडनं न्यायची. अरबी तिचं पन माझ्यासारखंच, मोडकं. मी तिला सांगितलं, बायको अशी अशी हाय, डोकं फिरवलंन. हसत सांगितलं. ती हसली नाय. बोलली, जिना कुठं हाय? वर गेली. मासूमाचा हात मांडीवर घेतलान आनि तीन बोटं ठेवून बसली. किती वेळ! मी दारात उभा, मला वाटलं झोपली काय ही. मंग दुसरा हात. मंग जीभ बघितलान. मंग मला बोलली — तू मूर्ख हायस. पहिला शब्द हाच. बोलली, चुलीत लाकूडच नाय आनि तू वरनं मिरच्या टाकतोस. एक थंडी बाहेरनं घुसलेली असते, तिला हाकलायची. ही तशी नाय, हिचं आत रिकामं झालंय, विस्तव विझत आलाय. हाकलायचं कोनाला? इथं थोडं थोडं घालायचं, मऊ आचेवर, रोज. बकऱ्याचं मटन, सुंठ, खजूर, त्यांच्याकडची एक मुळी ती स्वता घेऊन आली दुसऱ्या दिवशी. आनि मंग विचारलंन — पोर झाल्यावर हिला कोनी शिजवून घातलं? मी म्हटलं, मादाम, बेबी मा-फी. म्हनजे पोर नाय. ती माझ्याकडं बघत राहिली आनि बोलली, बेबी मा-फी — मामा फी. आई हाय. एवढंच. त्या मोडक्या अरबीतले दोन शब्द, त्यातच सांगितलंन.

मंग मी शिजवलं. मी, ज्यानं कधी चाय करून घेतली नव्हती. दोन तास मंद आचेवर मटन. म्हाताऱ्या कफीलच्या बायकोनं रशाद पाठवलंन, रशाद म्हनजे आपलं अळीव, इथल्या बाया पन बाळंतिनीला तेच देतात, दुधात शिजवून. बघ, तीन मुलकांच्या बाया, एकमेकींची भाषा ठाऊक नाय, आनि तिघींचं म्हननं एकच. मीच तेवढा वेगळा. पंधरा दिवस केलं. आठव्या दिवशी एसी लावला तर उठली नाय बंद करायला. बाराव्या दिवशी बोलली, मीठ कमी पडलंय. अल्लाकसम, एवढी मोठी गोष्ट मी आयुष्यात ऐकली नाय. मीठ कमी पडलंय!

सोळाव्या दिवशी ती खाली आली. आपन व्हऊन. पहिल्यांदाच. इथं, या जिन्यातनं. मी गिऱ्हाइकाला लवंग देत व्हतो, आनि डबा माझ्या हातात.

तिनं झाकन वाचलान. आईचं नाव कोन विसरतं? माझ्याकडं नाय बघितलान. डब्याकडंच बघत बोलली, लाडू कोनी खाल्ले?

मी काय म्हनायला हवं व्हतं? सांग ना, तू शिकलेला हायस. मी म्हनायला हवं व्हतं, चुकलो. दोन शब्द पन लागत नायत. गिऱ्हाईक उभं, चोरी पकडली गेली, आनि माझं हे डोकं — मी ओरडलो. म्हटलं, पोर नाय तर बाळंतपन कसलं! लाडू खाऊन दूध कोनाला पाजनार व्हतीस? ... असं. अगदी असं. शब्दाला शब्द. गिऱ्हाईक भारतीय नव्हतं, त्याला काय कळलं नाय, तरी ते लवंग न घेता निघून गेलं.

ती वर गेली. मी एसी लावला, ती उठली, बंद केलान. महिन्यानं व्हिजा संपला, वाढवता येत व्हता, नको बोलली. दम्माम एअरपोर्टवर सगळी दुनिया घामाघूम आनि ती शाल घेऊन लायनीत. वळून बघितलान नाय. — नाय, तलाक नाय. मी दिला नाय, तिनं मागितला नाय. माहेरी असते. फोन तिची आई घेते. दर वर्साला कोनी गावाला चाललं की मी पुडा देतो, सुंठ, रशाद, खजूर. ती परत नाय पाठवत. पन खात पन नाय. हाशिर सांगतो, गावात जी कोन बाळंतीन असंल तिच्या घरी नेऊन देते. पोर जगलेलं असो, नसो. नसंल तर आधी जाते, सगळ्यांच्या आधी, बोलवायची वाट नाय बघत.

झालं. हे गाळून घेतो. रंग बघ, असा यायला हवा, मधासारखा. तिखट लागनार नाय, मिरी घातलीच नाय. ही पुडी रोजची, आठ दिवसांची, सुंठ नखाएवढी, जास्ती नाय. तोंड आलं तर बंद. डॉक्टरचं बंद करू नको, त्याच्या गोळ्या त्याच्या जागी. आनि खरं औषध माझ्याकडं नाय, ते तुझ्या फ्रीजरमधे हाय. घरी जायचं, डबा काढायचा, ताटलीत ठेवायचा, तिच्या समोर. रडंल. रडू दे. तू पन रड, कोन बघायला येत नाय. विचारंल, हे आता कोनासाठी? तर म्हन, तुझ्यासाठी केले व्हते, माझ्या आईनं, तुझ्या अंगासाठी. तू बाळंतीन हायस. एवढा शब्द तिला कोनीतरी म्हना रे. दोन महिने कोनी म्हटला नसंल.

डोळे पूस. ते मसाल्याचे हात लावू नको डोळ्याला, आंधळा व्हशील.

— काय? डबा? परत का नाय पाठवला? पाठवनार कसा! आपल्यात डबा रिकामा परत करतात काय? शेजारनीनं वाटीभर कालवन दिलंन तरी वाटीत चिमूटभर साखर घालून देतात. सासूचा डबा मी रिकामा पाठवू? नऊ वर्सं झाली, दर बारीला काढतो, धुतो, पुसतो. रशाद भरलं, काढलं. खजूर भरला, काढला. एकदा सोन्याच्या बांगड्या घेतल्या, त्या घातल्या, डबा हलवला तर असा खुळखुळला — काढल्या. त्यात जे व्हतं ते पोलिसानं खाल्लं, येमन्यानं खाल्लं. आता काय भरू? सांग तू. काय भरून देऊ?

— तसाच? रिकामा? ... मी स्वता नेऊन देऊ?

...

बांग झाली. ऐकू येत नाय काय? उठ, शटर वडायचंय मला. पैसे ठेव खिशात. ग्लास रुमालात धर, भाजंल. तिला बोल की — नाय. काय नको बोलू. जा, गार व्हायच्या आत पाज तिला. जा म्हटलं ना! यल्ला.